विमान उतरेपर्यंतचा केर

घरातलं कुणी बाहेरगावी निघालं, की ते माणूस पोचेपर्यंत आमच्या थोरल्या जाऊबाई, कौसाताई, घराचा केर काढू देत नसत. आता गेलेल्या माणसामागं लगेच झाडू फिरवू नये, हे आपल्याकडे सगळ्याच आया-आज्या सांगतात आणि थोडा वेळ थांबून झाडू हातात घेतातही. कौसाताईंच्या लेखी मात्र 'लगेच' म्हणजे माणूस मुक्कामी टेकेपर्यंतचा सगळा वेळ. त्यांचा थोरला संदीप फुलांचा टेम्पो घेऊन मुंबईच्या बाजाराला गेला, की त्याचा फोन येईपर्यंत ओट्याखाली कोथिंबिरीच्या काड्या आणि ओसरीवर शेवंतीच्या पाकळ्या तशाच पडलेल्या असत. येणारे-जाणारे त्यावरून चालत. कौसाताई मध्येच एखादा पाट सरकवून बसत आणि म्हणत, "पडू द्या. माणूस वाटंत हाय तवर मागचं झाडायचं नाय. त्याचे पाय पुसले जात्यात."

मी पंचवटीत वाढलेली, भूगोलाची शिक्षिका. लग्न होऊन मखमलाबादच्या या मळ्यातल्या घरात आले, तेव्हा मला हे सगळं हास्यास्पद वाटलं. खालच्या मजल्यावर थोरले दीर आणि कौसाताई, वरच्या मजल्यावर आम्ही. माझा मजला मी माझ्या मनासारखा झाडायचे. पण जुन्या घराचं छत पातळ. आमचे हे सकाळी पुण्याला निघाले आणि मी झाडू हातात घेतला, की खालून हाक यायचीच.

"सुमन, झाडू ठिव. भाऊजी अजून द्वारकेच्या चौकात बी नाय गेले."

"ताई, ते फक्त पुण्याला चाललेत."

"मंग पुण्याला पोचू दे. केर काय पळून चाललाय का?"

मी झाडू ठेवायचे नाही. हळू मारायचे. तोही त्यांना ऐकू जायचा. जिन्यात भेटल्या की रागावायच्या नाहीत, नुसत्या म्हणायच्या, "मास्तरीणबाई, तुमचा भूगोल घरातल्या घरात." दिवसभर ते वाक्य माझ्या डोक्यात फिरत राहायचं.

किलोमीटर ही गोष्ट त्यांना मान्य नव्हती. अंतर म्हणजे किती वेळ जीव टांगणीला लागतो, तेवढं. घोटी म्हणजे चुलीवरची डाळ शिजेपर्यंत. मुंबई म्हणजे एक अख्खी रात्र, कारण मध्ये कसाऱ्याचा घाट. आणि सायखेडा, त्यांचं माहेर, आमच्या मळ्यापासून जेमतेम तासाभरावर, ते मात्र त्यांच्या मते कायम लांब. "माहेराची वाट सरत नाय गं," असं म्हणायच्या. मी नकाशा काढून दाखवला असता तरी त्यांनी तो गुंडाळून ठेवायला सांगितला असता.

मला कौसाताईंचा हेवा वाटायचा. हे मी आडवळणानं सांगणार नाही. त्यांचा रंग, त्यांच्या हातची भाकरी, सासूबाईंचा त्यांच्यावरचा जीव, यातल्या कशाचाही नाही. माझी मुलगी अपूर्वा त्यांच्याकडे ज्या ओढीनं जायची, त्या ओढीचा. मी शाळेत जायचे आणि अपूर्वा खाली राहायची. शाळेतून आले, की ती त्यांच्या मांडीवर डोकं ठेवून गजऱ्याचा दोरा दातानं तोडत बसलेली असायची. "चल वर," म्हटलं की म्हणायची, "तू जा पुढं, मी येते." तिनं त्यांना 'मोठी आई' म्हणायला सुरुवात केली, तेव्हा सगळ्यांना फार कौतुक वाटलं. मी आपोआप धाकटी झाले, हे कुणाच्या लक्षात आलं नाही. त्यांना स्वतःचे दोन मुलगे होते. माझी एकच मुलगी होती, आणि तीही अर्धीअधिक त्यांची.

अपूर्वा नोकरीसाठी टोरोंटोला निघाली, तेव्हा मला मनातून एक समाधान होतं. आता हा प्रांत माझा. विमानतळ, अक्षांश, रेखांश, वेळेतला फरक, यात कौसाताईंचं काय काम? मी शाळेतला छोटा पृथ्वीगोल घरी आणला. अपूर्वाला दाखवलं, की मुंबईहून टोरोंटोला जायचं तर विमान सरळ पश्चिमेला जात नाही, वरच्या अंगानं, बर्फाळ मुलखावरून जातं, कारण गोलावर तीच वाट जवळची. कौसाताई तिथंच शेवंतीच्या वेण्या करत होत्या. त्यांच्या हातातला दोरा मी मागून घेतला, एक टोक मुंबईवर धरलं, दुसरं टोरोंटोवर, आणि ताणून दाखवला.

कौसाताईंनी तो दोरा हातात घेतला आणि आपल्या पंज्याला लावून पाहिला.

"वीतभर तर हाय," त्या म्हणाल्या. "मंग रडतीस कशाला, येडे?"

अपूर्वा रडत होती, हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. मी गोलावर वाकले होते ना. ती रडता रडता हसली आणि तेव्हापासून त्या दोघींत टोरोंटोला 'वीतभर' असंच नाव पडलं. "काय म्हणतंय वीतभर?" "थंडी आहे मोठी आई." गोल माझा, रीत माझी, आणि नाव त्यांचं.

मग ते तिकीट आलं. मुंबईहून रात्री दोनला सुटणार, मध्ये एका ठिकाणी विमान बदलायचं आणि दुपारी साडेबाराला टोरोंटो. कौसाताईंनी संदीपकडून ते वाचून घेतलं आणि हिशेब सांगितला, "दोन ते साडेबारा. साडेधा तास. नागपूरला जायला बी येवढाच वेळ लागतो."

"ताई, तसं नसतं," मी म्हटलं. "ते साडेबारा तिथले. तेव्हा इथं रात्रीचे दहा वाजलेले असतात. वीस तास लागतात." मी गोल फिरवून दाखवला, देवघरातली समई सूर्य म्हणून ठेवली. कौसाताईंनी समई उचलून परत देवाजवळ ठेवली. "तिकिटावर छापलंय ते खोटं का? कंपनी काय तुझ्यापेक्षा येडी हाय?"

म्हटलं, बरं.

अपूर्वा रात्री निघाली, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी साडेबाराला कौसाताईंनी देवाला हात जोडले आणि सगळं घर झाडून काढलं. कोपरान्‌कोपरा. रात्री दहानंतर अपूर्वाचा फोन आला, की आत्ता उतरले, मधल्या विमानात फार हादरे बसले, दुपारपासून पोटात गोळा होता. कौसाताईंनी फक्त एवढंच विचारलं, "दुपारी कव्हापासून गं?" आणि उत्तर ऐकून फोन माझ्याकडे दिला. त्या रात्री त्या जेवल्या नाहीत. "लेकरू हवेत, आन मी हिथं झाडू मारत हुते," हे एकच वाक्य त्या पुन्हा पुन्हा म्हणत राहिल्या. दिरांनी समजावलं, की झाडूचा आणि विमानाच्या हादऱ्यांचा काही संबंध नसतो. मीही समजावलं, आणि खरं सांगायचं तर जरा खुशीत समजावलं. माझा हिशेब बरोबर निघाला होता.

त्याची किंमत मला पुढं कळली. त्या दिवसापासून कौसाताईंनी घड्याळावरचा विश्वास काढून टाकला. "आता तास नाय न् बीस नाय. तिचा फोन आल्याबिगर झाडू उचलायचा नाय." हे अपूर्वाला कळलं. त्यामुळं कुठंही जायचं असो, सुट्टीला येणं असो की ऑफिसच्या कामासाठी दुसऱ्या देशात जाणं असो, विमानाची चाकं टेकली की ती पहिला फोन खाली करायची. का, तर मोठी आई केरात बसली असेल. आणि मी? मी मोबाईलवर विमान कुठं आहे ते दाखवणारी सोय घेतली होती. विमानाचं छोटं पिवळं चित्र समुद्रावरून सरकताना मी तासन्‌तास बघायचे. वेग, उंची, उरलेलं अंतर, उतरायची वेळ, सगळं मला ठाऊक असायचं. एकदा मी अपूर्वाला म्हटलं, "मला कधी करतेस आधी फोन?"

"आई, तुला तर सगळं स्क्रीनवर दिसतंच की," ती म्हणाली.

तिच्या बोलण्यात काही खोट नव्हती. तेच वाईट. ज्याला माहीत असतं त्याला कुणी सांगायला जात नाही. मी वर बसलेले असायचे, पिवळं चित्र धावपट्टीवर थांबायचं, आणि मग खाली फोन वाजायचा. कौसाताईंचा आवाज यायचा, "पोचलीस? देवा. जेवलीस का?" आणि त्यानंतर झाडूचा सपसप आवाज. माझी मुलगी सुखरूप पोचली, हे मला वर्षानुवर्षं त्या झाडूच्या आवाजानं कळत आलं. मग माझा फोन वाजायचा. दुसरा नंबर. कधीकधी तर मी मुद्दाम दोन वेळा वाजू द्यायचे आणि मग उचलायचे.

कौसाताईंना हे कळत नव्हतं, असं नाही. बायकांना असल्या गोष्टी कळतातच. एकदा भाजी निवडता निवडता त्या म्हणाल्या, "सुमन, मी सांगितलंय तिला, आईला आधी कर म्हनून." माझ्या कानाला आग लागली. मागितल्यावर मिळालेला फोन मला नको होता, न मागता त्यांनी दिलेला तर मुळीच नको होता. पुढच्या वेळी खरंच पहिला फोन मला आला. "आई, उतरले गं. मोठी आईनं सांगितलं तुला आधी करायला. ठेवू? खाली करायचाय." मी म्हटलं, "ठेव." पुन्हा मी तो विषय काढला नाही. अपूर्वाला सांगून टाकलं, की पूर्वीसारखंच चालू दे, त्यांचा केर अडतो.

येतानाचा हिशेब तर आणखी मजेशीर. अपूर्वा शुक्रवारी रात्री तिथून निघायची आणि इथं रविवारी सकाळी उतरायची. कौसाताई म्हणायच्या, "बघ, जाताना साडेधा तास आन येताना दीड दिवस. मी म्हनत नव्हते, माहेराची वाट सरत नाय?" मी हसले नाही. वेळेतला फरक जाताना वजा होतो आणि येताना मिळवावा लागतो, एवढी साधी गोष्ट आहे. पण माझ्या वर्गात तीस वर्षांत कुणी ती इतकी लक्षात राहील अशी सांगितली नव्हती, मीसुद्धा.

आणि ती यायला निघाली, की त्या तेव्हाही केर काढायच्या नाहीत. मी एकदा अडवलंच, "ताई, रीत जाणाऱ्या माणसासाठी असते. ती तिच्या घरून निघालीय, तिथला केर तिथं. इथं कशाला?"

"तिचं घर कंचं, ते तूच ठरव मंग," त्या म्हणाल्या आणि पाकळ्यांवरून चालत आत गेल्या. मी आई असून मला सुचलं नाही, ते त्यांना सुचलं होतं. मला त्या दिवशी त्यांचा जितका राग आला, तितका कधी आला नसेल.

गेल्या हिवाळ्यात कौसाताई आजारी पडल्या. आधी साधा ताप, मग छातीत कफ, मग गावातल्या मोठ्या दवाखान्यात भरती. अपूर्वाला कळवलं. ती रोज दोनदा फोन करायची, अर्थात मला नाही, संदीपला, 'मोठी आईच्या कानाला लाव' म्हणून. एका शुक्रवारी डॉक्टरांचा चेहरा बघून मी तिला सांगितलं, "निघ." तिनं मिळालं ते तिकीट काढलं, मधला थांबा लांबलचक होता. शनिवारी सकाळी आमच्याकडे सात-साडेसातला तिचं विमान तिकडून सुटलं.

मी दवाखान्यात गेले तेव्हा कौसाताई जाग्या होत्या. नाकात नळी होती. त्यांनी हातानंच मला जवळ बोलावलं.

"सुटलं का इमान?"

"सुटलं, ताई."

"मंग तू मशिनीवर बघत ऱ्हा," त्या म्हणाल्या. "मी फोनाची वाट बघते."

आम्ही दोघींनी इतकी वर्षं हेच केलं होतं, आणि ते त्यांनी सरळ सांगून टाकलं. त्यानंतर तासाभरातच त्या गेल्या.

दुपारी घरी आणलं. ओसरीवर चटईवर त्यांना ठेवलं होतं, सगळा मळा गोळा झाला होता. संदीप माझ्याजवळ आला. डोळे सुजलेले.

"काकू, अपूर्वा कव्हा पोचल? नीट सांगा. तुम्हालाच कळतं त्यातलं."

मी हिशेब केला. मधला थांबा, दुसरं विमान, मुंबईत उतरणं, बाहेर येणं, कसारा घाट. पुन्हा केला. एकदा तरी तो चुकावा, असं मला वाटत होतं. माझा हिशेब चुकत नाही. "उद्या दुपारी," मी म्हटलं.

जाणती माणसं एकमेकांकडे बघू लागली. संदीप म्हणाला, "ती यील तवर थांबायची माझी तयारी हाय. पन आई म्हनायची, मी गेल्यावर मला ताटकळत ठिवू नका." खरंच म्हणायच्या. कुठल्याही मयतीवरून आल्या की हेच म्हणायच्या. जन्मभर सगळ्यांची वाट बघत बसलेली बाई, स्वतःची वाट कुणी बघावी याला मात्र तयार नव्हती.

उन्हं कलायच्या आत त्यांना नेलं. मी सगळ्यांना बजावलं, की घरच्या ग्रुपवर कुणी एक अक्षर टाकायचं नाही. पोरगी एकटी आहे, चार तासांचा रस्ता आहे, तिला इथं आल्यावर मी सांगीन.

माणसं गोदावरीकडे गेली आणि शेजारच्या मथुराबाईंनी झाडू उचलला. मयत उंबऱ्याबाहेर पडली, की घर लगेच झाडून धुऊन घेतात, तशी रीतच आहे. मी त्यांचा हात धरला.

"मथुराबाई, राहू द्या. अपूर्वा वाटेत आहे."

सगळ्या बायका माझ्याकडे बघायला लागल्या. "आगं, माणूस गेल्यावर घर तसंच ठिवत न्हाईत," मथुराबाई म्हणाल्या. "आन तू तर मास्तरीण. तू कव्हापासून मानाया लागली हे?"

"मी मानत नाही," मी म्हटलं. "पण झाडू ठेवा."

मग त्यांनी मध्यम मार्ग काढला. कौसाताईंना जिथं ठेवलं होतं तेवढी जागा धुतली, तिथं दिवा लावला. बाकीचं घर तसंच राहिलं. हारांतली फुलं, चुरमुरे, चिखलाची पावलं, उदबत्तीची राख. मयतीमागं झाडायचं असतं आणि येणाऱ्यासाठी थांबायचं असतं. दोन्ही रीती त्यांच्याच, आणि निवाडा करायला त्या नव्हत्या. मी येणाऱ्या बाजूनं कौल दिला. त्यांनीही तोच दिला असता, आणि हे मला ठाऊक होतं, याचाही मला थोडा राग आला.

मोबाईलवरचं ते पिवळं विमान मी त्या दिवशी एकदाही उघडलं नाही. संदीपनं विचारलं, "काकू, कुठवर आली?" मी म्हटलं, "माहीत नाही." इतक्या वर्षांत मी हे पहिल्यांदाच म्हणत होते. माहीत नसलं की वाट बघण्याला काही धरच राहत नाही. चहा होतो, निवतो, पुन्हा होतो. फोन हातात असतो आणि तो वाजत नाही. अपूर्वा हवेत असताना कौसाताई दर वेळी अशा बसत असत, आणि वरच्या मजल्यावर मी उंची आणि वेग वाचत बसत असे. पहिला फोन त्यांना का जायचा, हे मला त्या ओसरीवर बसल्यावर समजलं. समजलं म्हणून हेवा कमी झाला, असं मात्र झालं नाही. उलट वाढला.

रविवारी सकाळी फोन वाजला. माझा.

"आई, उतरले," अपूर्वाचा आवाज झोपेनं जड झालेला होता. "मोठी आई दवाखान्यात आहे ना, म्हणून तुला केला. तिला बरंय ना? तू जाशील ना आता तिच्याकडे? गेलीस की आधी सांग तिला, मी पोचले म्हणून. म्हणावं, काढा आता केर."

ओसरीवर संदीप मान खाली घालून बसला होता. मथुराबाई दारात उभ्या होत्या. सगळं घर माझ्याकडे बघत होतं.

"सांगते," मी म्हटलं. "तू सावकाश ये."

फोन पहिला मला आला होता आणि निरोप त्यांच्यासाठी होता. मी उठले, दारामागचा त्यांचा झाडू घेतला आणि त्यांच्या खोलीपासून सुरुवात केली.